तानुबाईची मूठ आणि कलम त्रेसष्ट

१९ एप्रिल २०२५

चोरी! भरदिवसा, चारशे माणसांसमोर — आणि वर चोराच्या गळ्यात हार!

अमडापूरला जुन्या मित्राच्या नातीचं लग्न होतं. दारातच अक्षतांची पुडी हातात दिली. हल्ली पुडीच्या कागदावर मंगलाष्टक छापतात, पाहुण्यांनाही सोबत म्हणता यावं म्हणून. मी पुडी उलगडली आणि खुर्चीत मटकन बसलो. अष्टक माझं! सहा वर्षांपूर्वी अश्विनीच्या लग्नासाठी, मी, तिच्या बापाने लिहिलेलं. वधू-वरांची नावं तेवढी बदललेली. आणि सहाव्या कडव्यात जशीच्या तशी ती ओळ —

दाराशी बसुनी अजून हसते ही तानुबाई पहा

तानुबाई म्हणजे माझी बायको. लेकीच्या लग्नाच्या वर्षभर आधी गेली. ती मांडवात नाही तर निदान अष्टकात असावी, म्हणून ही ओळ. मित्राच्या नातीशी तिचा काय संबंध? त्या गाढवाला नाव बदलायचंसुद्धा सुचलं नाही!

खाली छापलंय : 'मंगलाष्टकांसाठी संपर्क — दीपक', पुढे मोबाइल नंबर. लिहिणारा मी, रंगराव गुरुजी, कुठेच नाही.

२० एप्रिल

राग उतरत नाही. दूध उतू गेलं. ते अष्टक एकदाच म्हणायचं होतं. लग्न झालं तशी वही ट्रंकेत टाकली, वर कुलूप. अश्विनीला बजावलं होतं, ही ओळ पुन्हा कुणाच्या तोंडी नको. आता ती तांदळाच्या पुडीवर.

२२ एप्रिल

मेहकरला जाऊन अविनाश वकिलाला गाठलं. कायदा मोठा गमतीचा आहे. लग्नात गाणं म्हटलं तर गुन्हा नाही, तशी सूट आहे. पण न विचारता छापलं तर कॉपीराइट कायद्याचं कलम त्रेसष्ट! सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. म्हणजे गळा निर्दोष, कागद गुन्हेगार.

येताना एसटीत कलम पाठ केलं. तीन वर्षं. म्हणायला बरं वाटतं.

२४ एप्रिल

ठाण्यात गेलो. फौजदार जयमाला माझीच विद्यार्थिनी निघाली. सहावी ब, मागचा बाक, हजेरी क्रमांक एकतीस — मी विसरत नाही. उठून पाया पडली. तक्रार दोनदा वाचली आणि म्हणाली, "गुरुजी, चोरीले नेमकं काय गेलं? कागद त्याचा, तांदूळ लग्नघरचे."

ओळ गेली, म्हटलं. ओळ कुठल्या रकान्यात लिहायची यावर ठाण्यात अर्धा तास खल झाला. शेवटी 'इतर'मध्ये लिहिली.

आता मुद्देमाल जप्त करायला हवा. तो फक्त लग्नातच सापडतो. तीस तारखेला दीपकची सुपारी आहे. धाड ठरली!

३० एप्रिल

धाड पडली. कशी पडली ते माझं मलाच सांगवत नाही.

जयमाला, हवालदार भागवत, आणखी दोन शिपाई आणि ओळख पटवायला मी. मंगल कार्यालयात शिरलो तर पहिलं कडवं सुरू. भागवत पुड्या मागायला लागला. कोणी देईना. अक्षता टाकल्याशिवाय कागद कसा द्यायचा? आणि मुहूर्ताआधी अक्षता कशा टाकायच्या? पाहुण्यांचं चुकलं असं मलाही म्हणता येईना. शिपायांना पाहुणे समजून कोणीतरी त्यांच्याही हातात पुड्या दिल्या.

सहावं कडवं आलं. तानुबाईचं नाव निघालं आणि सगळ्या बायकांनी पदराला हात पुसून एक मूठ अक्षता दाराकडे टाकल्या. नवरी सोडून दाराकडे! मी शेजारच्या बाईला विचारलं, हे काय? ती मला अडाणी समजली. म्हणे, तानुबाईची मूठ. ती पडली नाही तर संसार टिकत नाही. चिखलीकडे एका लग्नात विसरले, तर जेवणावळीत जनरेटर बंद पडलं!

माझी तानुबाई! तंबाखूची डबी कमरेला, सासूशी भांडून दोनदा माहेरी गेलेली. माझ्या कवितेला "यात मीठ कमी" म्हणणारी.

जयमाला पुढे सरकली तशी नवरीची आई आडवी आली. "आधी तानुबाईची मूठ पुरी पडू द्या, मंग नेजा तुमचे कागद."

फौजदार थांबल्या. दोन्ही शिपायांनी मूठ टाकली. मीही टाकली. हात आपोआप उठला, काय करू!

मग पंचनामा. कागद तीनशे ब्याऐंशी, अक्षता अंदाजे सात किलो, कुंकवासह.

२ मे

अक्षतांचं पोतं ठाण्याच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. शेजारच्या कोंबड्यांनी मुद्देमाल फोडला. भागवत रोज सकाळी हिशेबाला उरलेले तांदूळ मोजून ठेवतो. कागद शाबूत आहेत.

५ मे

आज दोन्ही मजकूर ताडून पाहिले. मी माझ्या अष्टकाच्या वहीतून एक ओळ वाचायची, भागवतने जप्त कागदावरून तीच वाचायची. त्याला नुसतं वाचता येईना, चाल लागली. शेवटी 'सावधान' आल्यावर अख्खं ठाणं उठून उभं राहिलं. एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायला आलेलं एक जोडपं समोरासमोर होतं. बाई चक्क लाजली.

दीपक कोपऱ्यात बसला होता. तिशीचा, काटकुळा, कुठेतरी पाहिल्यासारखा. अष्टक कुठून मिळालं, नाव का बदललं नाही — जयमालाने खोदून विचारलं. मी म्हणालो, बदलणार कसं? त्या वृत्तात त्या जागी दुसरं नाव बसतच नाही! तो माझ्याकडे बघून हसला. मग म्हणाला, "मले काई सांगाचं नाही, मॅडम. मी शब्द देला हाय."

कोणाला, ते सांगेना. तीन वर्षं आत जाईल, पण सांगणार नाही म्हणे. चोर आणि वर मानी!

७ मे

पिंपळगाव राजाहून अश्विनी आली. न कळवता. चप्पलही न काढता ओसरीवर उभी राहिली.

"बाबा, दीपकले ते मीच देलं. त्याहीनंच म्हटलं होतं ना माह्या लग्नात. मी अट घातली, छाप, गा, पण आईचं नाव बदलाचं नाही. तुमाले सांगाचं नाही हेबी मीच म्हटलं."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने घेतला नाही.

"तुमी वही टरंकेत कोंबली. घरात तिचं नाव घेऊ देत नव्हते. मंग मी तिले कुठी ठेवू?"

चहा न घेता गेली. मला लाज वाटली. लिहून ठेवतो : लाज वाटली.

८ मे

ठाण्यात गेलो. म्हटलं, तक्रार मागे. जयमालाने नकारार्थी मान हलवली. हा गुन्हा दोघांच्या समझोत्याने मिटत नाही, आता सरकार विरुद्ध दीपक. माझी ओळ आणि फिर्यादी सरकार! अश्विनीने दिलं असं सांगितलं तर? म्हणे, लिहिणारे तुम्ही, ती कोण परवानगी देणारी — उलट तीही अडकेल.

मीच पाठ केलेलं कलम!

जयमालाने फाइल चाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवाच तुमी लेखी परवानगी देली असन, तर गुन्हा झालाच नाही. शाळेत असल्यापासून तुमी रोज वही लिहता. एकडाव पाहा. वय झालं गुरुजी, इसरले असान."

मी! हजेरी क्रमांक एकतीस मला सांगते, विसरले असाल!

९ मे

ट्रंक उघडली. २०१९ची रोजनिशीची वही काढली. अश्विनीचं लग्न बारा मेला. पुढची अकरा पानं कोरी. घरात लिहिण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं.

जुनं पेन सापडलं. शाई कोमट पाण्यात ढवळली, चालते. भागवतला निरोप दिला : गुरुजींची स्मरणशक्ती गेली आहे, उद्या तसा जबाब द्यायला येतील.

१३ मे २०१९

काल अश्विनीचं लग्न झालं. आज दीपकला माझं अष्टक छापायची आणि हव्या त्या लग्नात म्हणायची परवानगी दिली. अट एकच — तानुबाई दारातच बसलेली राहील.