गाडीच्या छपराआड येणारा ओटा

अण्णा, आपला ओटा घराच्या पायाला जोडलेला नाही. गवंड्यानं आज दुपारी कडेनं खणून पाहिलं आणि तसं सांगितलं. तोडला तरी भिंतीला धक्का लागणार नाही.

पहिल्यापासून सांगतो. आईच्या गुडघ्यांसाठी सारखं परभणीला जावं लागतं, म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. ती दिवसभर अंगणात तापते. मागच्या खेपेला सीटवर ओली चादर टाकून आईला बसवावं लागलं. तेव्हा लोखंडी खांब आणि वर पत्रे, एवढं छप्पर घालायचं ठरलं. मी टेपनं गाडी मोजली, ओटा आणि कंपाउंडची भिंत यांच्यातली जागा मोजली. दोन्ही बाजूंना हातभर उरत होती. वेल्डिंगवाल्यानं चुन्यानं खांबांच्या खुणा केल्या आणि म्हणाला, खड्डे घ्यायच्या आधी एकदा गाडी आत घालून बघा. आई शेजारी बसलेली असतानाच मी गाडी आत घेतली. मी अंग चोरून भिंतीच्या बाजूनं निघालो. आईनं तिचं दार ढकललं, ते अर्ध्यातच ओट्याला टेकलं. तिनं फटीतून ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी बसली रे. मी कुठनं उतरू?"

वेल्डिंगवाला तोंड फिरवून हसला. दारं बंद ठेवून मोजलेली गाडी होती ती. आईला फाटकातच उतरवावं, तर तिथला चढ वॉकर घेऊन तिला चढवत नाही.

हा ओटा तुम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्याला सुट्टी असताना स्वतः बांधला. तो नको तेवढा उंच झाला, आणि आई तुम्हाला विचारायची, हा बसायला बांधलाय का घोड्यावर चढायला. तुम्ही मात्र त्यावरच असायचा. अजूनही दिसतं : तुम्ही कामावरून आलात, डोक्याला, भुवयांना कापूस चिकटलाय, आणि पाय लोंबकळत सोडून तुम्ही चहाची वाट बघताय. एकदा मी अभ्यासाची पुस्तकं ओटाभर पसरून बसलो होतो. देवगाव फाट्याकडून मामा आले, खांद्यावर तुरीचं पोतं, आणि माझ्यासमोर तसेच उभे राहिले. मी मान वर केली नाही. तुम्ही आतून आलात, पुस्तकं गोळा करून माझ्या मांडीवर ठेवलीत. "ओटा बसायला हाय, अडवायला न्हाई," एवढंच म्हणालात. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

या आठवड्यात मी बाकीचे सगळे मार्ग काढून बघितले. गाडी उलटी घालावी, तर आईच्या बाजूला भिंत येते. भिंत सरकवावी, तर पलीकडे शेजाऱ्यांची मोरी आहे. शेवटी आईला म्हणालो, छप्पर राहू दे, गाडीला कापडी झाकण घेतो. अण्णांची तेवढीच एक वस्तू राहिली आहे. ती वाती वळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"ते गेले. माझे गुडघे हायत अजून."

मग पुढची वात घेत म्हणाली, "लय उंच केला त्यांनी. मला कधी चढताच आलं न्हाई." तेव्हा माझ्या लक्षात आलं, अण्णा, की इतक्या वर्षांत ओट्यावर तुमच्या शेजारी बसलेली आई मी कधी पाहिलीच नाही. ती चहा द्यायची आणि कप रिकामा होईपर्यंत खाली उभी असायची. तुमच्याही ते ध्यानात आलं नसावं.

उद्या सकाळी गवंडी घण घेऊन येईल. दुपारपर्यंत जागा मोकळी होईल, परवा खांब उभे राहतील. पत्रे परभणीच्या दुकानातून टेम्पोनं घरपोच येतात; दुकानदारानं तसं दोनदा सांगितलंय. तरी पत्रे आणायला उद्या सकाळच्या एसटीनं मीच जाणार आहे. आईनं का म्हणून विचारलं नाही. धूळ लय होईल, सावकाश ये, एवढं म्हणाली.