प्रार्थना बाहेर करा

सोम. ३ फेब्रु.
डोकं भणभणतंय. सेमिनरीच्या, पाळकाच्या शिक्षणातल्या रुग्णभेटी आजपासून सुरू, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात. जोडीला सॅमसन. अख्ख्या वर्गात माझ्या नशिबी हाच.
पहिलीच रुग्ण पल्लवी, कोराडीची, बी.कॉम.ला. स्कुटीवर कॉलेजला जाताना कोळशाच्या ट्रकनं उडवलं. उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलाय. माझ्याच वयाची असेल. आई स्टुलावर बसलेली.
सॅ.नं नाव विचारलं, बायबलमधलं वचन वाचलं, आणि चक्क हसून म्हणाला, "ताई, यातही देवाची योजना आहे."
पल्लवीनं मान वळवली. "माह्या पायाची योजना?"
यावरही सॅ.कडे उत्तर होतं! बाहेर आल्यावर म्हणतो, "छान झाली भेट."

बुध. ५
सकाळी सेमिनरीत गायकवाड सरांना सांगितलं, सॅ.ला आवरा. सर म्हणाले, "एस्तेर, तू काय बोललीस तिच्याशी?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग तो निदान बोलला तरी." असा संताप आला...
दुपारी पुन्हा तेच. डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना. पल्लवीनं चादर तोंडावर ओढली. माझा तोल गेला. "बंद कर! तिला विचारलंस तरी का?" तो म्हणाला, प्रार्थनेला परवानगी कशाला? तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही भांडलो. अख्खा वॉर्ड बघत होता.
चादर बाजूला झाली. "तुम्ही माह्यासाठी भांडून राहिले का आपल्यासाठी? प्रार्थना करायची त बाहेर करा. भांडणबी बाहेर."
सिस्टरनं दोघांना हाकललं.

गुरु. ६
तिचं खरं आहे म्हणूनच जास्त राग येतोय. भांडताना मला बरं वाटत होतं. तिच्या पायाचा विचारही डोक्यात नव्हता.
सकाळच्या उपासनेत सगळे गात होते. मी तोंड मिटून उभी. आज देवाशीही बोलायचं नाही.

शुक्र. ७
एकटीच गेले. सॅ. मागून आला, आज हातात बायबल नाही.
पल्लवीची आई दारात, हातात कात्री. अपघातापासून केस धुतलेच नाहीत, रक्तानं गुठळ्या झाल्यात. "सिस्टर म्हणते कापून टाका. पाय गेला वं पोरीचा, आता केसबी कापू?"
आत जाऊन पल्लवीला विचारलं, धुऊ का?
"येते का तुले?"
"पडून असलेल्या माणसाचे कधी धुतले नाहीत."
"मंग धू."
खाली प्लास्टिक अंथरलं. डोकं पलंगाच्या कडेला. सॅ. बादल्या आणत राहिला. दुपार गेली त्यात. तिनं ट्रकवाल्याला शिव्या घातल्या, डॉक्टरला घातल्या, गुंता ओढला की मला. "हळू ना वं!" आईवरही चिडली. "जीव वाचला, जीव वाचला करून राहिली! माहा पाय गेला, थे काहून नाही बोलत कोणी?"
मी म्हटलं, "गेला."
मग ती रडली. साबणाचे हात घेऊन मी तशीच उभी. सॅ. बादली धरून. त्याच्यावरचा राग गेलेला नाही. पण बादली भरली का, एवढंच विचारलं त्याला.

बुध. १२
वर्गात सरांनी विचारलं, रुग्णाची काय सेवा केली? "केस धुतले." दोघं-तिघं हसले. सॅ. मागे वळून त्यांच्यावर खेकसला. मी बघतच राहिले.
दुपारी वॉर्डात वेगळंच. पोलीस म्हणे, चूक पल्लवीचीच, राँग साइडनं आली. तिनं डबा भिंतीवर फेकला. भात सगळीकडे. "मी माह्या साइडनंच होती!" आई म्हणाली, शांत हो. मी तसं म्हटलं नाही. खाली बसून भात गोळा करायला लागले.

शनि. १५
आज डिस्चार्ज. गाडीत बसवताना तिनं माझी बाही धरली. "सोमवारी पोलिसाकडं बयान द्यायले जातो. बाबाले बोलता येत नाही तिथं. येशील?"
सरांना विचारलं. "आपलं काम सांत्वनाचं. पोलिसांच्या भानगडीत सेमिनरी पडत नाही." मी म्हटलं, मग केस धुवायचे आणि ती एकटी खोटी ठरताना घरी बसायचं? आवाज चढला माझा. सॅ. दारात उभा होता, तो आत आला. "सर, मीपण जाणार."
 सर म्हणाले, विचार करून सांगतो.
पल्लवीला मी आधीच हो म्हणून बसलेय.