आठ वर्षांचं शिंगरू

दारव्हा,
दि. १२ डिसेंबर २००५

आदरणीय उकंडराव दादा यांस श्रावणचा सविनय जयभीम.

तुमची कंबर, वहिनींचे गुडघे आणि राळेगावचं हवापाणी ठीक असेल असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण मथुरा बरी आहे, मी बरा आहे आणि आमचं गाढव चिल्लर, तोही बरा आहे. ही तिसरी खबर लिहिताना हात किती हलका झाला म्हणून सांगू! गेले पंधरा दिवस या घरात चूल पेटत होती ती केवळ सवयीनं.

तुम्हाला आठवत असेलच (न आठवून सांगता कोणाला?), कापसाचं बिघडल्यापासून जो तो जोडधंदा सांगू लागला. कोणी कोरफड लावली, कोणी ससे पाळले (ससे वाढले, घेणारे वाढले नाहीत), आणि तुम्ही गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या बाजारात मला कोपरानं ढोसून म्हणालात, "जवाईबुवा, गधे घेऊ. वीटभट्टीवाले दारात उभे राहतीन." विकणारा म्हणाला, सहा महिन्यांची शिंगरं आहेत, वर्षभरात खांद्याला लागतील. एक तुम्ही घेतलं, एक मी. तुमच्या गोठ्याचं छप्पर व्हायचं होतं, म्हणून तुमचा बंड्याही कापसाच्या पहिल्या वेचणीपर्यंत माझ्याकडेच होता. दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभे राहायचे. मग तुम्ही त्याला घेऊन गेलात.

चिल्लर मात्र काही वाढेना. दर रविवारी दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघ मारायचो. रेघेवर रेघ बसून चौकट काळी झाली, पण रेघ वर सरकली नाही. म्हणून सरकीची ढेप सुरू केली, तर गडी रुंद होऊ लागला. मथुरा म्हणायची, "अहो, पोटाले कायले वाढवून राह्यले? पायाले वाढवा ना!" (तुमची बहीण आहे, दुसरं काय म्हणणार.) बंड्या गेल्यावर मात्र चिल्लर लंगडू लागला, खाणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. मथुरानं हातानं भाकर चारून पाहिली. शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, दृष्ट काढा. आपण तसलं मानत नाही (पण मी तेव्हा 'मिरच्या कुठं आहेत?' असं विचारलं, असं मथुरा सांगते). दादा, खरं लिहितो, मी घाबरलो होतो. एसटीच्या कंडक्टरकीत तीस वर्षं काढली, उतारावर ब्रेक गेलेल्या गाडीतसुद्धा एवढा घाबरलो नव्हतो.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी चिल्लरचा ओठ वर केला, दात पाहिले आणि म्हणाल्या, "काका, ह्याले लेकरू काहून म्हणता? आठ वर्साचा बाप्या हाय हा! जातच बुटकी हाय त्याची." आता बोला! घोड्यागत वाढलेल्या पोरांना पाच वर्षांच्या आतलं म्हणून पदराखाली झाकणाऱ्या आयांना ज्या श्रावण कंडक्टरनं दिग्रस ते पुसद कधी सोडलं नाही, 'दात दाखव रे' म्हणून अर्धं तिकीट फाडलंच, त्याच्या घरात एक पुरता बाप्या लेकरू म्हणून सात महिने फुकट जेवला! मथुरा तोंडाला पदर लावून हसली. मग मीही हसलो.

दुखणं म्हणाल तर मीच दिलेलं. ढेपेनं त्याचे पाय धरले होते आणि खूर वाढले होते. आता ढेप बंद. कडबा, वाळलं गवत, पायाखाली कोरडी जागा आणि दीड महिन्यानं खूर तासायचे. पहिल्यांदा तासले तेव्हा पाय धरून मीच बसलो होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हरीचं मला माहीत नाही, श्रावण धरतो. लंगडणं गेलं. चार दिवसांपूर्वी त्यानं मूठभर कडबा खाल्ला आणि मी (हसू नका) अंगणात बसून रडलो. तुमचा बंड्याही वाढत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, आणि ढेप चारत असाल तर आजच थांबवा.

वहिनींना जयभीम, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

आपला,
श्रावण

ता.क. डॉक्टरीणबाई जाता जाता आणखी एक सांगून गेल्या. हे जनावर एकटं राहत नाही. जोडीदार गेला की खाणं सोडतं. सध्या मी शेजारी बसलो तरच चिल्लर खातो, मी उठलो की तोही थांबतो. त्यामुळे माझं ताट दोन्ही वेळा कडब्यापाशीच येतं. तरी बंड्याला इकडे द्यावं ही विनंती. (चिल्लरलाच तुमच्याकडे धाडावं, असंही एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं.)

ता.क. दुसरा. जावयानं सासरी तोंडानं काही मागू नये, ही माझ्या आईची शिकवण. लग्नात सायकलसुद्धा मागितली नाही, तुम्ही साक्षीला आहात. म्हणून हे लिहून आणलं, तुमच्या हातात दिलं आणि आता समोर गप्प बसलो आहे. चष्मा काढून माझ्याकडे बघू नका. टेम्पो दारात उभा आहे. तिकडे चिल्लरजवळ मथुरा बसली आहे, पण तिच्या हातून तो खाईल की नाही, याचा भरवसा नाही. हो असेल तर नुसती मान हलवा, बंड्याला मी सोडून घेतो. नाही असेल तर दादा, तेही लिहूनच द्या. तोंडानं ऐकवणार नाही.