भुंग्याचं वय आणि अडकलेला काटा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिताना हात अडखळला. डावा गुडघा हल्ली वाकत नाही, तेव्हा तेवढं एक अंग वजा धर.) तुझी कंबर कशी आहे? मागच्या वेळी ‘बरी आहे’ म्हणालीस, पण बरी म्हणजे पूर्वीसारखी की मधल्यापेक्षा बरी, हे विचारायचं राहून गेलं आणि उगाच रुखरुख लागून राहिली. भावजींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. गेला नसेल तर मी असं धरून चाललो होतो हे त्यांना सांगू नकोस. इकडे तिघंही ठीक. ही ठीक आहे, पण माझ्याशी कामापुरतं बोलते. भुंगा ठीक आहे, पण तो कोणाशीच बोलत नाही. फोन सोडून पत्र लिहायला बसलो कारण फोनवर ही शेजारी असते आणि तू मधेच हसतेस.

प्रश्न वयाचा आहे. माझ्या नव्हे, भुंग्याच्या. माझं काम तुला माहीत आहे: दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं पडताळायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि मापात पाप दिसलं तर वाईट व्हायचं. अशा माणसाला स्वतःच्या मुलाचं वय धड सांगता येऊ नये, ही शरमेची गोष्ट. पण एकक कोणतं घ्यायचं हेच कोणी सांगत नाही. कोळसा क्विंटलमध्ये मोजतात, सोनं ग्रॅममध्ये. मूल जन्मलं की दिवसांत, मग आठवड्यांत, मग महिन्यांत आणि पुढे कधीतरी वर्षांत. पण कधीतरी म्हणजे कधी? मला कोणी वय विचारलं तर मी पाचशे चाळीस महिने म्हणत नाही. (म्हणून बघितलं. आकडा मोठा असूनही का कोण जाणे, तरुण वाटलं.) आमच्या साहेबांना तीन मुली, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचारलं. ते म्हणाले, “पहिलीचे महिने मोजले, दुसरीची वर्षं. तिसरीला शाळेत घालताना तिलाच विचारलं.” यातून मला नियम काढता आला नाही.

घोटाळा सुरू झाला तो बुटांच्या दुकानात. दुकानदाराने वय विचारलं, ही म्हणाली, “तेवीस महिने.” तो बोटांची पेरं मोजत आत गेला आणि असे बूट घेऊन आला की त्यात भुंग्याचा अंगठासुद्धा नाराजीनेच शिरला. मला राहवलं नाही. मनात हिशेब करून मी म्हणालो, “सव्वीस.” दुकानदार म्हणाला, “साहेब, वय सांगताय की नंबर?” हिने ते बूट खोक्यात परत भरले. मी समजलो, दमली असेल, माणूस चुकतो. पण घरी येताना आठवलं की मागे बस थांब्यावर एका आजींनी विचारलं तेव्हाही ही तेवीसच म्हणाली होती, आणि ते तर दुसऱ्या वाढदिवसाचे फुगे भिंतीवर असताना. म्हणजे सरळ हिशेब केला तर मूल चोवीस पूर्ण करून एक पाऊल मागे आलं होतं आणि तिथेच बसलं होतं. असा प्रकार तराजूत मी पुष्कळदा पाहिलाय. वर काहीही ठेवा, काटा हलत नाही. अशा वेळी दोन शक्यता असतात: दुकानदाराला ते माहीत नसतं, किंवा चांगलं माहीत असतं. दुसरी शक्यता मी विचारात घेतली नाही. स्वतःच्या बायकोच्या बाबतीत घेत नाहीत.

तेव्हा काटा आपणच गुपचूप दुरुस्त करावा असं ठरवलं (आणि हेच चुकलं असं आता वाटतं, पण चूक ठरवण्यात होती की गुपचूप करण्यात, हे नक्की नाही). खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. कडेवर त्यांची मैना. ही पोर जागी असेपर्यंत बोलते. आम्ही भेटलो तेव्हा ती मला माझी छत्री कशी धरावी हे सांगत होती. बाईंनी भुंग्याचा गाल ओढून विचारलं, “केवढा झाला गं आता?” हिने तोंड उघडायच्या आत मी स्वच्छ शब्दांत सांगितलं, “दोन वर्षं, दोन महिने.”

“अगं बाई,” शिंपीणबाई म्हणाल्या, “मी आपली बरोबरीचा धरत होते. आमची बावीस महिन्यांची. मग हा मोठाच की. तरी अजून नुसतं हूं हूं?”

भुंग्याने हूं केलं. (नाव त्यावरूनच पडलंय.) मैना म्हणाली, “बाळ बोलत नाही.” मापं घेण्यात बाईंचा हातखंडा, पण त्या वाईट नाहीत, त्यांनी तिच्या तोंडावर लगेच हात ठेवला. वर आल्यावर ही फक्त एवढंच म्हणाली, “वर्षं काढायची काही गरज होती का?” मी म्हटलं, महिने काय, वर्षं काय, वजन तेच. तेव्हापासून कामापुरतं.

मला खरोखर काही कळेना. मी बरोबर सांगितलं होतं, आणि बरोबर सांगून इतकं एकटं मी कधी पडलो नव्हतो. शेवटी हीच म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊ. मुलांच्या डॉक्टरांनी पेन उचलून वय विचारलं आणि आम्ही दोघं एकदम बोललो. मी म्हणालो, “सव्वादोन.” (हे थोडं वाढवून झालं, घाईत झालं.) ही म्हणाली, “तेवीस महिने.” डॉक्टर पेन तसंच धरून म्हणाले, “आधी आपसात ठरवा. मूल एकच आणलंय ना?” मग त्यांनी विचारलं, काय काय बोलतो? भुंग्याने टेबलावरची घंटी वाजवली, तेवढंच. मग ही हळू म्हणाली, “लहान आहे अजून. सिस्टर म्हणाल्या होत्या, दोन वर्षांचा झाला की दोन शब्द जोडेल. नाही जोडले तर घेऊन या.” हे सिस्टरनी लस टोचायच्या वेळी सांगितलं होतं, आणि मी तेव्हा बाहेर स्कूटर लावत होतो.

ताई, काटा अडकला नव्हता. तिने बोट लावून धरला होता. दोन वर्षं येऊच द्यायची नाहीत, म्हणजे शब्दही उशिरा आहेत असं होत नाही. इतकी वर्षं खोटे तराजू पकडतोय, आणि हा मला घरात दिसला नाही.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, पुढच्या आठवड्यात कान तपासू, बघू, बोलकं करायचे उपाय आहेत. तुमच्या घराण्यात कोणी उशिरा बोलायला लागलं होतं का, तेवढं विचारून या. हिच्या माहेरचे सगळे नऊ महिन्यांत बोलले म्हणतात, आणि ते अजून थांबलेले नाहीत. माझ्या बाजूचं मला माहीत नाही. बाकी क्षेमकुशल. भावजींना नमस्कार, कंबर जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : आई असती तर तिलाच विचारलं असतं. आता तूच सांगणारी उरलीस. मी कधी बोलायला लागलो? हे विचारण्यासाठीच पत्र लिहिलं. वर बाकीचं आपोआप झालं.

दुसरा ता. क. : उशिरा असेल तर लगेच कळव, आणि जमलं तर वर्षांत. लवकर असेल तर मात्र घाई करू नकोस. खोटं लिही असं मी म्हणत नाही. माझ्या धंद्यात ते बसत नाही. पण दर मापाला थोडी सूट खात्यानेच दिलेली असते, आणि तुला नक्की आठवत नसेल, तर नक्की आठवत नाही असं ठामपणे लिहिता येईल. (हे वाक्य खोडावं की ठेवावं ते कळत नाही. हिला वाचायला देतो.)

वन्सं, मी वाचलं. जे असेल तेच लिहा, लवकर असलं तरी. आणि ह्यांचा आकडा सुधारून घ्या. पत्र इतके दिवस लिहीत बसले की सव्वीस मागे गेला. भुंगा काल सत्तावीस महिन्यांचा झाला. डॉक्टरांना मी तेच सांगणार आहे.