ठकीसाठी दुसरी वायर

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची. खोली छान आहे. म्हणजे मला छान वाटली; हे बरोबर असते तर नळ गळतो, खिडकीची कडी सैल आहे, कपाटाला वास येतो, अशी यादीच काढून बसले असते. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटीची खोली मिळाली आहे, त्यामुळे मला गळका नळसुद्धा गोड वाटतोय. लेकीला, ठकीला सोडून सहा आठवडे राहायचं म्हणजे जड जातंच, पण माझी आई घरी येऊन राहिली आहे आणि हे आहेतच. निघताना सहा वर्षांची ठकी रडली नाही. मीच रडले आणि तिने माझी समजूत काढली.

काम नेटवर्कचं आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांमधले संगणक एकमेकांना जोडून द्यायचे आणि जोडलेले ठेवायचे. पण पहिले सहा आठवडे खऱ्या यंत्राला हात लावायचा नाही. तिसऱ्या मजल्यावर शिकाऊंची खोली आहे, तिथे सरावाचं सॉफ्टवेअर दिलं आहे. पडद्यावर राउटर आणि स्विच, म्हणजे संगणकांच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या पेट्या, यांची चित्रं मांडायची, माउसने वायर ओढायची, कमांड टाइप करायच्या. वायर जिवंत झाली की टोकाला हिरवा ठिपका, मेली की लाल. शिकवणाऱ्यांना सगळे गुरुजी म्हणतात. पन्नाशीचे आहेत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते म्हणाले, इथलं काहीच खरं नसतं, म्हणून हव्या तेवढ्या चुका इथेच करून घ्या. असं सांगणारा साहेब मी जन्मात पाहिला नव्हता.

मंगळवार, ४

आज पहिलं नेटवर्क मांडलं. इथली पद्धत अशी की संगणकाला नाव द्यायचं ते मजला आणि क्रमांक असं. माझ्या डोक्यात आकडे राहत नाहीत, मी सरळ घरच्यांची नावं दिली. एक आई, एक ठकी, नवऱ्याचा संगणक ‘अहो’ आणि एक ‘मी’. चौघेही मोठ्या स्विचवर. मामाला मात्र शेजारी वेगळा छोटा स्विच दिला, कारण त्याला गोतावळ्यात राहवत नाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. मला सायकल शिकवताना चाक त्याच्या पायावरून गेलं, तर आठवडाभर लंगडत होता आणि कुणी विचारलं की संधिवात सांगायचा. गुरुजींनी नावं वाचली आणि नाक मुरडलं.

मग पिंग शिकले. एका संगणकावरून दुसऱ्याला हाक मारायची, आहेस का म्हणून. तिकडून चार उत्तरं येतात. मी ठकीला हाक मारली, चार उत्तरं आली. काम नसताना आणखी तीनदा मारली.

बुधवार, ५

सकाळी स्विचवरची एकेक वाट बंद करून परत उघडायचा सराव होता. मी ‘अहो’ची वाट बंद केली आणि चहाला गेले. वीस मिनिटांनी आठवण झाली, मग उघडली.

दुपारचा धडा वेगळा. स्विचमध्ये जे काही मांडाल ते सेव्ह केलं नाही, तर स्विच बंद होताच पुसून जातं. हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून गुरुजी प्रत्येकाला एकदा ते करायलाच लावतात. मी मामाचा छोटा स्विच सेव्ह न करता बंद केला आणि चालू केला. स्विच कोरा करकरीत. सगळं नव्याने मांडलं, ठिपकाही हिरवा झाला, पण मामाच्या संगणकाकडून पिंगचं उत्तर काही येईना. गुरुजी म्हणाले, उद्या बघू.

संध्याकाळी ह्यांचा फोन. सकाळी दूध उतू गेलं. म्हणे गॅससमोरच उभा होतो, पण मधली वीस मिनिटं कुठे गेली कळलंच नाही. मी म्हटलं, बायको नसली की असंच होतं. दोघेही हसलो.

गुरुवार, ६

सकाळी वेळ होता म्हणून ही वही चाळली. मंगळवारच्या पानावर कुणा मामाबद्दल लिहिलं आहे. अक्षर माझं. सायकल, संधिवात, सगळं आहे. पण मला मामा नाही. कितीही ताण दिला तरी चेहरा समोर येत नाही. सायकल मी कशी शिकले, तेही आठवत नाही.

आईला फोन केला. म्हटलं, तुझ्या धाकट्या भावाचं काय चाललंय?

“मला कुठला गं भाऊ? मी एकटीच,” आई म्हणाली. मग तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

तशीच कामावर गेले. दुपारी ह्यांना फोन लावला आणि बोलता बोलता त्यांची वाट बंद केली. “संध्याकाळी ठकीला पोहायला” इथवर ते बोलले होते. पुढे काही नाही. श्वाससुद्धा नाही. मी घड्याळात पूर्ण तीन मिनिटं मोजली आणि वाट उघडली. “न्यायचंय,” ते म्हणाले, जणू मध्ये काही झालंच नाही.

गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, घरापासून पहिल्यांदाच लांब आलात का असं विचारलं, आणि दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाले. चांगला माणूस आहे. पण मी सुट्टीवर गेले तर हे यंत्र कोण सांभाळणार? मी मोठा स्विच सेव्ह केला. चार वेळा केला. आई आहे, हे आहेत, ठकी आहे, मी आहे. मामाचं मात्र काहीच करता येत नाही. ज्याला मी विसरले त्याच्यासाठी रडायलाही येत नाही, याचीच जास्त भीती वाटते.

शुक्रवार, ७, सकाळ

गुरुजींनी सांगितलं की सोमवारी ते स्वतः सगळ्यांचे मोठे स्विच बंद करून चालू करणार. सेव्ह केलेलं आहे, टिकायला हवं. पण ठकीच्या बाबतीत मला ‘टिकायला हवं’ पुरत नाही. तिला मी आजच वेगळ्या, नव्या स्विचवर नेते. तिकडे दोन वायरी टाकते, म्हणजे एक तुटली तरी दुसरी राहील. आई मंडळी करतात तेच. एक स्वेटर घातला तरी दुसरा पिशवीत ठेवायचा.

मोठ्या स्विचवरची ठकीची जागा पुसली आणि लगेच तो सेव्ह केला. आता नव्या स्विचवर तिला मांडलं आहे. पहिली वायर टाकली, हिरवा. दुसरी टाकते, मग तोही सेव्ह करते.

शुक्रवार, ७, दुपार

माझी चूक. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला म्हणता येणार नाही की माझी नव्हती.

दोन स्विचमध्ये दोन वायरी टाकल्या की निरोप एका वायरने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो. थांबत नाही. म्हणून स्विचमध्ये एक राखण असते, ती जास्तीची वाट मिटून ठेवते. आज सकाळी पहिल्या तासाला, धडा म्हणून, गुरुजींनी ती राखण बंद करायला लावली होती. मी ती परत चालू केली नव्हती. माझ्या डोक्यात फक्त ठकी होती.

दुसरी वायर टाकली आणि सगळे ठिपके फडफडायला लागले. माउस हलत नाही. अक्षर उमटत नाही. सेव्ह झालेलं नाही.

मग ह्यांचा फोन. ठकी शाळेला निघताना, सवयीने ‘आई’ म्हणतच, आजीपाशी बूट मागत होती. आजीने बूट शोधून हातात दिला. तरी ती तेच म्हणते आहे. ह्यांनी फोन तिच्या तोंडाशी धरला.

“आई, माझा डावा बूट सापडत नाहीये. आई, माझा डावा बूट सापडत नाहीये.”

मी म्हटलं, अगं तुझ्या हातात आहे, बघ. तिला ऐकूच येत नव्हतं.

शुक्रवार, ७, पाच वाजता

गुरुजी येऊन बघून गेले. त्यांच्या दृष्टीने हे नेहमीचंच. म्हणाले, याला वादळ म्हणतात. फिरणारा निरोप प्रत्येक फेरीला वाढत जातो आणि नेटवर्कवर जो जो आहे त्याच्या कानात ओतला जातो. उपाय एकच, बंद करायचं.

मी विचारलं, सेव्ह केलं नसेल तर?

“तर गेलं,” ते म्हणाले.

ते बटणाकडे हात न्यायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. बहुधा नखं लागली. ते हात चोळत निघून गेले.

मी इथून उठणार नाही.

शनिवार, ८, सकाळी सात वाजता

अजून चालू आहे. ती झोपली नाही. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, डोळे मिटले, ओठ चालूच. आवाज बसला आहे तिचा. हे फोनवर रडत होते. मी त्यांना काय सांगू? तिला दुसरी वायर मी दिली, हे कसं सांगू—

सेव्हचं पहिलं अक्षर काल दुपारी दाबलं होतं. पडद्यावर अजून आलं नाही.

शनिवार, साडेनऊ

आईला फोन दिला त्यांनी. माझी आई, पासष्ट वर्षांची. मी म्हटलं, आई, ठकी कशी आहे? ती म्हणाली, माझा डावा बूट—

ठकीच्याच सुरात. तसाच हेल काढून.

शनिवार, सव्वादहा

आता हेही. भरदार आवाजात. मागे आई, त्यामागे ठकी. तिघे एकदमच. फोन ठेवायला तिकडे कुणी उरलं नाही.

वेग वाढतोय. दोन वाक्यांच्या मध्ये तिला श्वास घ्यायला जागा राहिलेली नाही. ऐकू येतंय मला. घशातून घरघर—

शनिवार, अकरा

बंद करते. निदान तिला श्वास तरी घेता येईल, किंवा घ्यावा लागणार नाही.

आई आणि हे परत येतील, ते सेव्ह आहेत. मीही येईन. आणि मी विचारीन, कोण ठकी? म्हणून आधी इथे लिहिते. बटणावर डावा हात आहे, उजव्याने लिहितेय. वाचणारी तूच आहेस, बाई. विश्वास ठेव. अक्षर तुझं आहे.

तुला मुलगी होती. सहा वर्षांची. वरचा एक दात पडलेला. कानामागे तीळ, उजव्या. चिडली की तुला नावाने हाक मारायची. झोपताना तुझा अंगठा धरायची, हाताचा नाही, पायाचा, त्यासाठी उलटी झोपायची. दुधावरची साय तिला

कानात काहीतरी

लवकर लिहायला हवं. साय आवडत नाही. शाळेत कडेला बसते. पोहायला घाबरते पण सांगत नाही. ती खरी होती. तिला मी आई, माझा डावा

नाही. तिला मी मारलं नाही, मी फक्त दुसरी वायर. हात बटणावर आहे. दाबते. हात दाबत का नाही. तिचं नाव ठकी, तिला लाल रंग आई, माझा डावा बूट सापडत नाहीये. आई, माझा डावा बूट सापडत नाहीये. आई, माझा डावा बूट साप