अ‍ॅकॉर्डियन मऊ केला त्याची हकीकत

पिपलानी, भोपाळ
१२ डिसेंबर १९७७

तीर्थरूप दादास श्रीकांतचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठही अंगांनी जमला नाही, जेवढी वाकली तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा). सुलभावहिनींचा दमा कसा आहे? अकोल्याला थंडी ती काय असणार म्हणा. इथे सकाळच्या शिफ्टचा भोंगा होतो तेव्हा पांघरुणाबाहेर नाक काढायचं धैर्य होत नाही. मी आणि कांचन ठीक. म्हणजे घरात कुणी आजारी नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमधल्या कमलिनीबाई बारलिंगे दिवाळीनंतर गेल्या. तुम्ही मागे आला होतात तेव्हा ज्यांनी वरून अनारसे पाठवले होते, त्याच. तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. त्यांचे गोपीनाथराव कारखान्यात फोरमन. अख्खं वर्कशॉप त्यांच्या ओरडण्याने थरथरायचं, ते आता दूधवाल्याशीही बोलेनात. मुलगी सासरी, घरात एकटेच. मी अर्थातच अ‍ॅकॉर्डियन पेटीत घातला आणि पेटी पलंगाखाली सारली. दुखवट्याच्या घरावर खालून नाचरी गाणी पाठवणं बरं दिसत नाही.

तर एका संध्याकाळी गोपीनाथराव आमच्या दारात उभे. कांचनने चहा पुढे ठेवला. तो न पिता त्यांनी विचारलं, "वाजवणं का थांबवलंत?" मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "तुमचं सुरू झालं की ही वर कुकर लावताना गुणगुणायची. आता खालीही गप्प, वरही गप्प. वाजवा. फक्त जरा मऊ वाजवा हो. तो आवाज फार टोचतो." मी हो म्हटलं आणि ते जिना चढून गेले. त्यांचा चहा मी प्यायलो.

आता दादा, अ‍ॅकॉर्डियन हळू वाजवता येतो, मऊ वाजवता येत नाही. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे धातूच्या दोन जिभा असतात आणि त्या मुद्दामच एकमेकींशी किंचित बेसूर लावलेल्या असतात (सासू-सुनेची उपमा सुचली होती, पण हे पत्र कांचन वाचणार आहे). त्या भांडणातून ती थरथर निघते. एकीचं तोंड बंद केलं की दुसरी गोड बोलेल, असा माझा हिशोब. मी विजेच्या मोटारींच्या टेस्टिंगला आहे; हत्तीएवढ्या मोटारीची घरघर आम्ही कमी करतो, तिथे ही पेटी ती काय! आधी जाळीच्या आतून माझ्या जुन्या बंडीचं फ्लॅनेल लावलं. आवाज मऊ झाला नाही, त्याला सर्दी झाली. मग जिभांची एक अख्खी रांग चिकटपट्टीने बंद केली आणि काय सांगू, आवाज खरोखर उतरला. पार बासरीच्या शेजारी जाऊन बसला! इथेच थांबायला हवं होतं. पण थंडीने चिकटपट्टी सुटू लागली, म्हणून ती पक्की बसावी यासाठी मी जिभांचा तो उघडा भाग शेगडीजवळ ठेवला आणि भाजी आणायला गेलो. त्या जिभा मेणाने बसवलेल्या असतात, हे मला मेथीची जुडी हातात घेऊन परत आल्यावर कळलं. मेण ओघळून फरशीवर आलं होतं आणि जिभा पंगत उठल्यावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या एकमेकींवर कलंडल्या होत्या. कांचन म्हणाली, "झाला का मऊ?" मी मेथी निवडायला बसलो.

मेणबत्ती वितळवून जमतील तेवढ्या जिभा पुन्हा उभ्या केल्या. पण मधले काही सूर गेले ते गेलेच. पट्टी दाबली की नुसता वारा. तरी शब्द गेला होता, म्हणून काल दिवेलागणीला कमलिनीबाईंच्या आवडीची एक जुनी चाल वाजवायला बसलो. दोन सूर, मग फुस्स. एक सूर, पुन्हा फुस्स. रडता रडता माणूस श्वास घ्यायला थांबतो ना, अगदी तसं. माझी मलाच लाज वाटली. भाता मिटणार, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. गोपीनाथराव आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू द्या." मी चालू दिलं. सूर गेलेली जागा आली, फुस्स झालं, आणि तिथे ते स्वतःच गुणगुणले. पुढच्या फुस्सलाही. डोळे मिटून, भयंकर बेसूर. चाल संपल्यावर म्हणाले, "हीसुद्धा इथेच चुकायची," आणि हसले. मग बराच वेळ रुमाल तोंडावर धरून बसले. कांचनने पुन्हा चहा केला. तो मात्र त्यांनी बशीत ओतून सगळा प्यायला.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, छातीला ओव्याचा शेक घ्या.

तुमचा,
श्रीकांत

ता. क. शेजारच्या नलिनीबाई विचारत होत्या, की पेटीचा आवाज मऊ केलात तसा गोपीनाथरावांचा करता येईल का.

आणखी ता. क. खरं तर हे आधी लिहायचं होतं. तुमच्या कल्पनाच्या लग्नात वाजवायला तुम्ही तुमचा अ‍ॅकॉर्डियन परत मागितलात, ते पत्र पोचलं. वाद्य तुमचं आहे, त्यात प्रश्नच नाही. पण तो आता वरातीच्या कामाचा राहिलेला नाही. तुम्ही म्हणाल, नागपूरला पाठव, तिथे दुरुस्त करून घेऊ. दादा, धाकट्या भावाचं एवढंच ऐका, ते करू नका. सगळे सूर वाजायला लागले तर गोपीनाथरावांनी खाली येऊन करायचं काय?