रेमीच्या वाट्याला न येणारा उतार

मी, ओदील शार्ने, राहणार ब्युल्याँ, बर्गंडी, विधवा, निपुत्रिक. माझे डोके ठिकाणावर आहे. माझा भाऊ रेमी याबाबत शंका काढील, म्हणून डॉक्टरांनाच साक्षीला बसवून हे लिहिते.

टेकडीमागचा माझा द्राक्षमळा, घर व द्राक्षांचा रस काढायचे दाबयंत्र मी रेमीची मुलगी मारीझ हिला देते. रेमीला यातले काहीही मिळू नये. कारण नोंदवून ठेवते.

सन १९८१ चा मार्च फसवा निघाला. ऊन लवकर तापले, वेलींचे डोळे घाईने फुटले आणि एप्रिलात दंव गोठले. अशा वेळी वेली वाचवायला मळ्यात पेटवायच्या शेगड्या वडिलांनी आम्हा दोघांसाठी घेतल्या होत्या. रेमीने त्या सगळ्या टेकडीच्या पुढच्या बाजूला, स्वतःच्या वाट्याच्या उतारावर नेल्या.

"ताई, तुझी बाजू तशीही गारठ्याची. ती काही वाचत नाही. निदान माझी तरी वाचू दे."

माझी कोवळी फूट काळी पडली. मारीझ बापाशी भांडून आली. आम्ही ओला पेंढा जाळून धूर केला, त्यात खालच्या ओळी तेवढ्या तगल्या. वरच्या ओळींना दुसरी फूट आली, ती विरळ. रेमी येता-जाता कुंपणावरून विचारी, "काय ताई, यंदा मनुकेच का?"

ऑगस्टात गारपीट झाली. गारा टेकडीच्या त्याच्या अंगाला पडल्या, माझ्या अंगाला नाही. त्याचे भरलेले मणी तडकले आणि सप्टेंबरच्या पावसात सडले. माझे घड लहान, मोकळे, जाड सालीचे. उत्तरेच्या वाऱ्याने त्यांवरचे पावसाचे पाणी दोन दिवसांत सुकले. आम्ही थांबून तोडणी केली. वाइन थोडी झाली, पण तशी मी जन्मात केली नव्हती.

तेव्हा रेमी दारात आला. "थोडी दे, माझ्यात मिसळतो. बाटलीवर नाव शेवटी बाबांचंच आहे ना?"

"एप्रिलमध्ये बाबा कुठे होते रे?" मी विचारले आणि दार लावले.

त्यानंतर त्याने गावभर सांगितले की ओदीलने बाहेरची द्राक्षे आणून घातली. हे मी विसरलेली नाही. मेल्यावरही विसरणार नाही.

मारीझने माझ्यामागे मळ्याची वाटणी करू नये, बापाच्या रडण्याला भुलून तर मुळीच नाही. दफनाला रेमीने खुशाल यावे. माझ्याविषयी चार शब्द बोलायला मात्र उभे राहू नये.

मारीझला बापाला माफ करायचे असेल तर करावे. तो तिचा बाप आहे. पण ते माझ्या वतीने केले, असे तिने त्याला सांगू नये.

वाचून पाहिले. एक अक्षरही बदलायचे नाही.

सही: ओदील शार्ने
साक्षीदार: डॉ. एतिएन मोरीसो; आंजेल प्युजे, पाववाली, शेजारीण
ब्युल्याँ, १२ फेब्रुवारी १९८४